रिव्ह्यू टाकला म्हणून अपिलाची मुदत थांबत नाही

निकाल विरोधात गेला की ठाण्याच्या कोर्टनाक्यावर पक्षकार पहिलं काय विचारतो, तर "साहेबांना पुन्हा एकदा ऐकून घ्यायला सांगता येईल का? त्यांनी आमचा तो कागद बघितलाच नाही." यावर "हो, तीस दिवसांत रिव्ह्यू टाकता येतो" असं उत्तर मिळतं. ते खरं आहे, पण अर्धवट आहे. उरलेलं अर्धं कुणी न सांगितल्यामुळे चांगली अपिलं मुदतीअभावी बाद होतात. म्हणून आधी तेच सांगतो. रिव्ह्यूचा, म्हणजे पुनर्विलोकनाचा अर्ज दाखल केल्याने अपिलाची मुदत थांबत नाही. दोन्ही मुदती निकालाच्या दिवसापासून एकाच वेळी चालू होतात. रिव्ह्यू फेटाळला गेला तर अपिलाचे दिवस मूळ निकालापासूनच मोजले जातात, रिव्ह्यूच्या निकालापासून नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली डीएसआर स्टील विरुद्ध राजस्थान राज्य या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे.

आणखी एक. "पुन्हा सुनावणीची मुदत" असं इंटरनेटवर शोधलं की बऱ्याचदा चौदा दिवस असं उत्तर येतं. ते अमेरिकेचं आहे. तिथल्या संघीय अपील न्यायालयांत निकालानंतर १४ दिवसांत पुन्हा सुनावणीची विनंती करायची असते, आणि दिवाणी प्रकरणात अमेरिकी सरकार पक्षकार असेल तर ४५ दिवस मिळतात. आपल्याकडे त्याचा संबंध नाही. न्यू जर्सीतल्या मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला कागद घेऊन कोर्टात जाऊ नका.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, कळव्यातल्या एका घराच्या वाटणीचा दावा आहे. दोन भाऊ, एक बहीण. दिवाणी न्यायालयात धाकटा हरला. त्याने ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात अपील केलं आणि ३ मार्च २०२५ ला तिथेही हरला. आता त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, त्याच जिल्हा न्यायालयात रिव्ह्यू; मुदत ३० दिवस. दुसरी, मुंबई उच्च न्यायालयात द्वितीय अपील. मुदत ९० दिवस. दोन्ही मुदती १९६३ च्या मुदत कायद्याच्या अनुसूचीत दिलेल्या आहेत. जिल्हा न्यायालयात करायच्या पहिल्या अपिलाला मात्र ३० दिवसच मिळतात. हा फरक लक्षात न राहिल्यामुळे "आपल्याला नव्वद दिवस आहेत" म्हणून निवांत बसलेले लोक असतात.

कुठली वाट धरायची, हे आपल्याला काय म्हणायचं आहे त्यावर ठरतं. दहावी-बारावीच्या बोर्डाचं उदाहरण इथे चपखल बसतं. गुणपडताळणीत बेरीज बरोबर आहे का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलं आहे का, एवढंच बघतात. पुनर्मूल्यांकनात उत्तर नव्याने तपासलं जातं. रिव्ह्यू ही गुणपडताळणी आहे. "साहेबांनी साक्षीदारावर विश्वास ठेवायला नको होता" हे वाक्य रिव्ह्यूच्या अर्जात आलं की तो अर्ज तिथेच पडला असं समजा. ते म्हणणं वरच्या कोर्टात मांडायचं.

दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ४७ रिव्ह्यूची तीनच कारणं मान्य करतो. पहिलं, असा महत्त्वाचा नवा पुरावा सापडला जो पुरेशी काळजी घेऊनही आधी मिळू शकला नसता. दुसरं, निकालपत्रावर वरवर नजर टाकली तरी दिसणारी उघड चूक. तिसरं, याच जातीचं एखादं पुरेसं कारण. पहिल्या कारणावर लोक फार भिस्त ठेवतात. धाकटा म्हणतो, सिटी सर्व्हेच्या ऑफिसातून मालमत्ता पत्रकाचा जुना उतारा आता मिळाला. कोर्ट विचारणार की तो कागद दाव्याच्या काळातही त्याच ऑफिसात होता ना, मग तेव्हा अर्ज का नाही केला? सरकारी दप्तरात पडून असलेल्या कागदाला "आत्ता सापडला" म्हणणं सहसा टिकत नाही. उघड चुकीचं तसं नाही. निकालपत्रात लिहिलंय की मृत्युपत्र दाखल केलेलं नाही, आणि ते तर निशाणी क्रमांकासह (पुराव्याच्या कागदाला कोर्ट देतं तो क्रमांक) रेकॉर्डवर आहे. ही उघड चूक. पण ती चूक आहे हे पटवून द्यायला दोन तास युक्तिवाद करावा लागणार असेल, तर ती उघड नव्हे. १९९७ च्या परसन देवी विरुद्ध सुमित्री देवी या निकालात सर्वोच्च न्यायालयाने साधारण हेच सांगितलं: तर्काच्या पायऱ्या चढून शोधावी लागणारी चूक रिव्ह्यूत बसत नाही.

निव्वळ लेखनाची किंवा हिशेबाची चूक असेल, म्हणजे सर्व्हे नंबरचा आकडा उलटा पडला किंवा हिश्श्याची बेरीज जमत नाही, तर रिव्ह्यूसुद्धा लागत नाही. संहितेच्या कलम १५२ खाली साधा दुरुस्तीचा अर्ज करायचा. त्याला मुदतीचं बंधन नाही. कोर्ट ती चूक केव्हाही सुधारू शकतं. एवढ्याशा चुकीसाठी मोठा रिव्ह्यू अर्ज करून ठेवलेला दिसला की मला वाईट वाटतं, कारण त्यात वेळ आणि फी दोन्ही जातात.

रिव्ह्यू शक्यतो ज्या न्यायाधीशांनी निकाल दिला त्यांच्याच समोर चालतो. आपल्याच निकालात उघड चूक आहे हे त्यांनी मान्य करायचं असतं. पक्षकारांना हे विचित्र वाटतं, पण त्यामागे हेतू आहे. फाईल त्यांना माहीत असते, त्यामुळे खरोखर नजरचूक असेल तर ती लगेच कळते. रिव्ह्यू फेटाळला तर त्या आदेशावर अपील नाही आणि दुसऱ्यांदा रिव्ह्यूही नाही. अपील आधीच दाखल करून बसलात तर रिव्ह्यूची वाट बंद होते. म्हणजे क्रम चुकला तरी अडचण आणि उशीर झाला तरी अडचण.

मग करायचं काय? मी सांगतो ते असं: खरोखर उघड चूक असेल तर पहिल्या दहा-पंधरा दिवसांतच रिव्ह्यू दाखल करा आणि त्याच वेळी द्वितीय अपिलाचा मसुदा तयार करायला घ्या. नव्वदावा दिवस जवळ आला आणि रिव्ह्यू अजून पडून असेल, तर तो निकाली निघायची वाट बघू नका. अपील मुदतीत दाखल करा. रिव्ह्यू प्रामाणिकपणे चालवत होतो म्हणून उशीर झाला, हे कारण पुढे कोर्ट सहानुभूतीने ऐकूही शकतं. पण ती मेहेरबानी झाली, हक्क नाही.

दिवस कसे मोजायचे

मुदत कायद्याच्या कलम १२ मध्ये दोन सवलती आहेत. निकालाचा दिवस धरायचा नाही, आणि सहीशिक्क्याची नक्कल मिळवायला जितके दिवस लागले तेही वगळायचे. ही सवलत अपिलाला आहे तशीच रिव्ह्यूलाही आहे.

धाकट्याचा हिशेब करू. निकाल ३ मार्चचा, म्हणून मोजणी ४ मार्चपासून. तिसावा दिवस येतो २ एप्रिल. त्याने १० मार्चला नकलेचा अर्ज केला आणि २१ मार्चला नक्कल तयार झाली. दोन्ही दिवस धरून हे १२ दिवस वजा होतात. म्हणजे रिव्ह्यूची शेवटची तारीख २ एप्रिलवरून १४ एप्रिलवर गेली. १४ एप्रिल म्हणजे आंबेडकर जयंती, कोर्टाला सुट्टी. अशा वेळी कलम ४ मदतीला येतं: मुदत संपते त्या दिवशी कोर्ट बंद असेल तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं. म्हणजे १५ एप्रिल. हा दिवस उलटला की विलंब माफीचा अर्ज लागणार, मग उशीर एका दिवसाचा का असेना.

यात दोन गोष्टी लोकांना खटकतात. नकलेचा अर्ज करण्यापूर्वीचे दिवस वजा होत नाहीत. धाकट्याने ३ ते १० मार्चमधले दिवस विचार करण्यात घालवले, ते त्याच्या खात्यावर गेले. आणि नक्कल तयार झाल्यावर ती न्यायला तुम्ही पंधरा दिवस गेलाच नाहीत, तर ते दिवसही तुमचे. म्हणून निकाल ऐकल्याच्या दिवशीच नक्कल विभागात अर्ज टाकावा, अपील करायचं ठरलेलं नसलं तरी. खर्च फार नाही आणि नकलेवर अर्जाची, तयार झाल्याची, दिल्याची अशा तारखांचा शिक्का असतो. मुदतीचा वाद झाला की वकील पहिल्यांदा तो शिक्का बघतात, निकालपत्र नंतर. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरून उतरवलेला निकाल वाचायला आणि मसुदा करायला उत्तम आहे, पण शिक्का त्यावर नसतो.

गैरहजेरीत झालेला निकाल

"पुन्हा सुनावणी" हे शब्द खऱ्या अर्थाने लागू होतात ते या प्रकारात, आणि ठाण्यात हा प्रकार वाढतो आहे असं माझं निरीक्षण आहे. कारण पुनर्विकास. नौपाड्यातली, पाचपाखाडीतली जुनी इमारत पाडायला जाते, रहिवासी तीन-चार वर्षांसाठी कुणी कळव्याला, कुणी डोंबिवलीला भाड्याने राहायला जातात. कोर्टाची नोटीस मात्र जुन्या पत्त्यावर जाते. तिथे पत्र्याचं कुंपण असतं.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ मध्ये याची सोय आहे. अपील करणारा स्वतः गैरहजर राहिला आणि अपील त्या कारणाने काढून टाकलं गेलं, तर नियम १९ खाली ते पुन्हा दाखल करून घ्यायची विनंती करता येते. इथे एक बारकावा आहे. अपीलकर्ता गैरहजर असताना कोर्टाला अपील काढून टाकता येतं, पण गुणदोषांवर निकाल देऊन फेटाळता येत नाही. तसं झालं असेल तर तोच मुद्दा घेऊन वर जाता येतं. दुसऱ्या बाजूने, अपील समोरच्याने केलं होतं आणि तुम्हाला न ऐकता ते मंजूर झालं, तर नियम २१ खाली पुन्हा सुनावणी मागता येते. मात्र नोटीस नीट बजावली गेली नव्हती, किंवा हजर न राहण्याला पुरेसं कारण होतं, हे दाखवावं लागतं.

दोन्ही ठिकाणी मुदत ३० दिवस, पण ती सुरू कधी होते यात फरक आहे. पहिल्यात अपील काढून टाकल्याच्या दिवसापासून. दुसऱ्यात निकालाच्या दिवसापासून. मात्र नोटीस नीट बजावली गेली नसेल तर निकाल कळला त्या दिवसापासून. "कळला कधी" हा मग खरा वाद होतो. पर्यायी बजावणी म्हणून कोर्टाच्या हुकमाने वर्तमानपत्रात दिलेली किंवा दारावर चिकटवलेली नोटीस म्हणजे योग्य बजावणी नव्हे, असं मुदत कायद्याच्या अनुसूचीतल्या याच नोंदीच्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे. पण तुमचा वकील त्या प्रकरणात हजर होता आणि तुम्ही त्याच्याशी वर्षभर बोलला नाहीत, तर "मला कळलं नाही" हे कुणालाही पटवणं जड जातं. घर बदललं की कोर्टात नवा पत्ता देणारी पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, द्या. खटल्याचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर नंबर लिहून ठेवा, ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये पुढची तारीख दिसते.

विलंब माफी: खरी लढाई इथे

मुदत कायद्याच्या कलम ३ प्रमाणे मुदतीबाहेरचं अपील कोर्टाने फेटाळायचं असतं, समोरच्याने हरकत घेतली नाही तरी. कलम ५ त्यातून वाट देतं: मुदतीत न येण्याला पुरेसं कारण होतं असं कोर्टाचं समाधान झालं, तर उशिराचं अपील किंवा रिव्ह्यूचा अर्ज दाखल करून घेता येतो. "मुदतवाढ" हा शब्द लोक वापरतात, पण आगाऊ मुदतवाढ नावाची गोष्ट इथे नाही. मुदत संपण्याआधी जाऊन "आणखी पंधरा दिवस द्या" असं सांगता येत नाही. आधी उशीर होतो, मग त्याची माफी मागायची. कोर्टाने स्वतः ठरवून दिलेला वेळ, उदाहरणार्थ पैसे भरायला दिलेला महिना, संहितेच्या कलम १४८ खाली एकूण ३० दिवसांपर्यंत वाढू शकतो. कायद्याने ठरवलेल्या मुदतीला ते कलम लागत नाही.

पुरेसं कारण म्हणजे काय? याची व्याख्या नाही, आणि नसलेलीच बरी. निकाल मात्र पुष्कळ आहेत. १९८७ सालचा अनंतनागच्या भूसंपादन अधिकाऱ्याचा खटला, जो वकील मंडळी 'कातिजी' म्हणून ओळखतात, त्यात उशीर होता फक्त ४ दिवसांचा. उच्च न्यायालयाने अपील फेटाळलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने उशीर माफ केला. प्रत्येक दिवसाच्या उशिराचं कारण द्यायला हवं हे खरं, पण त्याचा अर्थ तासातासाचा आणि सेकंदासेकंदाचा हिशेब मागणं असा नाही, अशी त्या निकालातली भूमिका. त्याच्याही आधी, १९६१ मध्ये, रामलाल विरुद्ध रेवा कोलफील्ड्स या निकालात एका दिवसाच्या उशिरावर वाद झाला होता. त्यातून निघालेलं तत्त्व पक्षकाराच्या फार उपयोगाचं आहे: मुदतीचे सगळे दिवस तुमचे असतात, शेवटच्या दिवसापर्यंत थांबायचा तुम्हाला हक्क आहे. "पहिले पंचवीस दिवस काय करत होतात?" असं विचारून माफी नाकारता येत नाही. शेवटच्या दिवसापासून दाखल करेपर्यंतचा खुलासा हवा. मात्र ते कारण मुदत संपण्याआधीच सुरू झालेलं हवं. मुदत संपल्यावर आठवड्याने पाय मोडला, तर तो पाय मुदत चुकण्याचं कारण होऊ शकत नाही.

दिवस किती यापेक्षा खुलासा किती पटतो याला वजन असतं. १९९८ च्या एन. बालकृष्णन प्रकरणात ८८३ दिवसांचा उशीर माफ झाला. तिथे वकिलाने पक्षकाराला अंधारात ठेवलं होतं, आणि पक्षकार नुसता रडत बसला नव्हता. त्याने वकिलाविरुद्ध ग्राहक मंचात जाऊन ५०,००० रुपयांची भरपाई मिळवली होती. वकिलांवर ग्राहक तक्रार करण्याची ती वाट आता उरलेली नाही, २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली. पण मुद्दा कायम आहे: वकिलाने चूक केली असं नुसतं लिहून भागत नाही. आपण काय केलं, कधी विचारणा केली, कुठला मेसेज पाठवला, बार कौन्सिलकडे तक्रार केली का, हे दाखवावं लागतं. अलीकडे कोर्टं या कारणाकडे संशयाने बघतात, आणि का बघू नये? प्रत्येक दुसऱ्या अर्जात दोष आधीच्या वकिलाचा असतो.

नवी मुंबईच्या वाचकांना यातला भूसंपादनाचा भाग जवळचा वाटेल. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची, आणि त्या काळात संपादन झालेल्या जमिनींच्या वाढीव मोबदल्याचे वाद पुढे वर्षानुवर्षं चालले. अशा प्रकरणांत उशीर दोन्ही बाजूंनी होतो. शेतकऱ्याच्या वारसांना निकाल कळतच नाही, आणि सरकारची फाईल टेबलावरून टेबलावर फिरत राहते. सरकारला वेगळा कायदा नाही. पोस्टमास्टर जनरल विरुद्ध लिव्हिंग मीडिया (२०१२) मध्ये ४२७ दिवसांचा उशीर नाकारला गेला, कारण "फाईल प्रक्रियेत होती" एवढाच खुलासा होता. २०२० मध्ये मध्य प्रदेश सरकारने ६६३ दिवस उशिरा आणलेली याचिका फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने २५,००० रुपयांचा भुर्दंड बसवला. वर जाऊन आम्ही प्रयत्न केला असा शेरा फाईलवर मिळावा, एवढ्यासाठीच असे खटले आणले जातात, असंही त्या निकालात सुनावलं आहे. वारसांच्या बाजूनेही ढील अमर्याद नाही. २०२४ च्या पथापती सुब्बा रेड्डी प्रकरणात भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी ५,६५९ दिवस उशिरा आलेल्या वारसांना माफी मिळाली नाही. मोबदल्याच्या काही प्रकरणांत कोर्टं मधला मार्ग काढतात: उशीर माफ करतात, पण उशिराच्या काळाचं व्याज देत नाहीत. शेतकऱ्याच्या वकिलाने अर्जातच ही तयारी दाखवली तर ऐकणाऱ्याचं मन वळायला मदत होते.

अर्ज लिहायचा कसा? माझ्या मते विशेषणं शून्य, तारखा भरपूर. निकाल कधी, नक्कल कधी मागितली, कधी मिळाली, मुदत कधी संपली, आजारपण कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, डिस्चार्ज कार्ड कुठे आहे, पैशांची जुळवाजुळव केली तर कुठून, वकिलाला कधी भेटलो. एकूण उशीर किती दिवसांचा ते मोजून लिहायचं. ४१ दिवस असतील तर ४१, "साधारण सव्वा महिना" नाही. आकडा चुकला की समोरचा वकील सगळ्या खुलाशावरच शंका घेतो. सोबत प्रतिज्ञापत्र लागतं. तब्येतीचं कारण असेल तर त्याच काळात तुम्ही लग्नाला गेल्याचे फोटो फेसबुकवर नाहीत ना, हेही बघून घ्या. हा विनोद नाही, उलटतपासणीत असले फोटो येतात.

या काळात एक धोका असतो जो फार कमी लोकांना माहीत असतो. उशिरा आलेल्या अपिलात, ते अपील ऐकायचं की नाही हे कोर्ट ठरवत नाही तोवर खालच्या कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या (निकालानुसार निघालेल्या आदेशाच्या) अंमलबजावणीला स्थगिती मिळत नाही. आदेश ४१ च्या नियम ३-अ मध्ये ते स्पष्ट लिहिलेलं आहे. मुदतीत आलेल्या अपिलातही स्थगिती आपोआप मिळत नाही, ती मागावी लागते. पण उशिरा आलेल्याला मागायची सोयसुद्धा लगेच नसते. धाकट्याने दोन महिने उशीर केला, तेवढ्यात थोरल्याने दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावून घराचा ताबा घेतला, तर पुढे अपील जिंकूनही ताबा परत मिळवायला नवी यातायात करावी लागते. उशिराची खरी किंमत ही असते.

कोविडची सवलत अजून काहींच्या डोक्यात आहे, तिचाही निकाल लावू. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता. जुन्या प्रकरणाचा हिशेब करताना तो वगळायचाच. २०२३ नंतरच्या निकालाला त्याचा उपयोग नाही.

फ्लॅट, ग्राहक आणि बाकीचे

दिवाणी कोर्टाबाहेरच्या ठिकाणी आकडे वेगळे आहेत. घोडबंदर रोडवरचा किंवा उलव्यातला फ्लॅट वेळेवर मिळाला नाही म्हणून महारेराकडे, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, गेलात आणि आदेश पटला नाही, तर अपिलीय न्यायाधिकरणाकडे ६० दिवसांत जायचं. पुरेसं कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो. महारेराला स्वतःचा निर्णय नव्याने तपासता येत नाही. आदेशातली उघड चूक मात्र दोन वर्षांच्या आत दुरुस्त करता येते, अपील झालेलं नसेल तर, आणि आदेशाचा गाभा न बदलता. बिल्डरने अपील केलं तर त्याला आधी रक्कम भरावी लागते, हे ध्यानात ठेवा. ती भरल्याशिवाय त्याचं अपील ऐकलं जात नाही.

जिल्हा ग्राहक आयोगाच्या आदेशावर राज्य आयोगाकडे अपील ४५ दिवसांत. २०१९ च्या नव्या कायद्याने जिल्हा आयोगाला रिव्ह्यूचाही अधिकार दिला आहे, फक्त उघड चुकीसाठी, ३० दिवसांच्या आत. जुन्या कायद्यात जिल्हा मंचाला तो नव्हता, म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नका.

लवादाचा निवाडा असेल तर सावध. तो रद्द करून घ्यायचा अर्ज तीन महिन्यांत करायचा, पुरेसं कारण असेल तर आणखी ३० दिवस, आणि त्यापुढे एक दिवसही नाही. मुदत कायद्याचं कलम ५ तिथे चालत नाही. शिवाय शेवटचा दिवस सुट्टीत आला तर पुढे ढकलण्याची सवलत त्या मूळ तीन महिन्यांपुरतीच आहे, वरच्या ३० दिवसांना नाही. मे महिन्याच्या सुट्टीत ते ३० दिवस संपले की हातात काही उरत नाही.

फौजदारी कोर्टात रिव्ह्यू नाही. निकालावर सही झाली की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०३ प्रमाणे लेखनचूक सोडून त्यात बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयात रिव्ह्यू आहे, ३० दिवसांत, पण तो बहुधा न्यायाधीशांच्या दालनात कागदांवरच निकाली निघतो, वकिलाला उभं राहून बोलायला मिळत नाही. फाशीच्या शिक्षेला याचा अपवाद आहे, तिथे २०१४ पासून खुल्या कोर्टात सुनावणी होते. त्याही पलीकडे, रिव्ह्यू फेटाळल्यावर, क्युरेटिव्ह याचिका नावाची एक अगदी अरुंद फट आहे, २००२ च्या रूपा हुरा निकालाने उघडलेली. सामान्य माणसाच्या घराच्या भांडणात तिचा विचारही करू नये.

जिंकलेल्यांसाठी

हे सगळं हरलेल्याच्या बाजूने झालं. कळव्याच्या थोरल्या भावाने काय करायचं? त्याने निकालाची नक्कल काढून धाकट्याच्या मुदतीचा हिशेब स्वतः करून ठेवायचा, आणि मुंबई उच्च न्यायालयात कॅव्हेट (आगाऊ सूचनेचा अर्ज) घालायचं, म्हणजे त्याला न कळवता स्थगिती मिळणार नाही. विलंब माफीच्या अर्जाची नोटीस आली तर "उशिराचंच तर आहे, आपोआप फेटाळेल" म्हणून घरी बसायचं नाही. गैरहजर राहिलात तर समोरच्याचा खुलासा खोडून काढणारं कुणीच नसतं. कॅव्हेटचं आयुष्य दाखल केल्यापासून ९० दिवसांचं. द्वितीय अपिलाची मुदतही नव्वदच, पण तिच्यात नकलेचे दिवस मिळवले की ती कॅव्हेटच्या पुढे जाते, आणि धाकटा उशिरा आला तर त्याच्याही पुढे. म्हणून पहिलं कॅव्हेट संपायच्या आठवडाभर आधी दुसरं घालून ठेवावं.